माशांचें मरण आणि पाण्याचें वय

मनुष्य मासे पाळूं लागला त्याला कित्येक शतकें लोटलीं. परंतु पाळलेला मासा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांत, अंगावर जखम नसतां आणि पोटभर खायला मिळत असतां कां मरतो, या साध्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या हातीं लागल्याला फार तर दीडशें वर्षें झालीं असतील. त्यांतहि मौज अशी कीं, हें उत्तर मासे पाळणाऱ्यांनीं शोधलें नाहीं. शहराच्या गटाराचें पाणी आणि शेताची माती यांचा अभ्यास करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना तें प्रथम सांपडलें, आणि तेथून कांचेच्या पेटीपर्यंत येण्यास त्याला आणखी बराच काळ लागला. त्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

दिग्रससारख्या तालुक्याच्या गांवींहि आतां पुष्कळ घरांच्या बैठकींत कांचेची पेटी दिसते. मुलाचा वाढदिवस किंवा नव्या घराची वास्तुशांत हें तिचें निमित्त असतें. रंगीत खडे, प्लास्टिकचें रोप, बुडबुडे सोडणारा लहानसा पंप आणि प्लास्टिकच्या पिशवींतून आणलेले आठदहा मासे, एवढा सरंजाम एका संध्याकाळीं उभा राहतो. पहिला आठवडा आनंदांत जातो. दुसऱ्या आठवड्यांत एखादा मासा पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडूं-मिटूं लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यांत सकाळीं उठून पाहावें तों दोन मासे उलटे तरंगत असतात. मग कारणांचा शोध सुरू होतो. दुकानदारानें रोगट माल दिला असें एक म्हणतो; शेजारच्या मुलानें पाण्यांत हात घातला असें दुसरा म्हणतो; आणि घरांतील वडील माणूस सांगतें कीं, घरावर येणारें संकट त्या माशानें आपल्या अंगावर घेतलें, तेव्हां दुःख न करितां दुसरा मासा आणावा.

या शेवटच्या समजुतीची थट्टा करण्याचें कारण नाहीं. रडणाऱ्या मुलाची समजूत घालण्यास ती फार सोयीची आहे, आणि मेलेल्या जीवाविषयीं थोडी कृतज्ञताहि तिच्यांत आहे. तिच्यांत दोष आहे तो एवढाच कीं, ती चौकशी संपविते. पुढच्या रविवारीं आणखी सहा मासे येतात आणि तेहि त्याच वाटेनें जातात. संकटें घरावर इतक्या नियमानें, दर खेपेस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांतच कां यावींत, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. वास्तविक सारें मर्म त्या नियमितपणांतच आहे.

आपल्या देशांत माशांविषयींचें लक्ष कांहीं नवें नाहीं. राज्याभिषेकापासून सव्विसाव्या वर्षीं कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत अशोकानें अवध्य प्राण्यांची जी यादी दिली आहे तींत मासेहि आहेत, आणि ठराविक तिथींना मासे मारूं वा विकूं नयेत अशी आज्ञा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरणच आहे. माशांच्या जाती आणि त्यांस घालावयाचें आमिष यांचा विचार त्यांत केलेला असून, मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्याचा शास्त्रीय परामर्श घेतला. परंतु राजांच्या तळ्यांत आणि मंदिरांच्या पुष्करिणींत मासे कां जगतात, हें विचारण्याची पाळी कोणावर आली नाहीं. तळ्याच्या तळाशीं चिखल होता, कांठावर शेवाळ होतें, आणि पाणी अनेक वर्षांचें होतें. मासा तेथें जगे, म्हणून प्रश्नच उद्भवला नाहीं. प्रश्न उद्भवला तो माशाला चिखलापासून तोडून पारदर्शक भांड्यांत ठेवल्यावर.

१६६५ च्या मे महिन्यांत लंडनमधील सॅम्युएल पीप्स यानें एका घरीं कांचेच्या भांड्यांतील परदेशी मासे पाहिले, आणि असे मासे त्या पाण्यांत कायमचे जगतात अशी आपल्या रोजनिशींत नोंद केली. पाहुण्याला तसें वाटणें स्वाभाविक होतें. एकदां पाहून गेलेल्याला त्या माशांची पुढची हकीकत कळत नाहीं. ती घरच्यांनाच कळते.

पुढें प्राणवायूचा शोध लागला. १७७० नंतरच्या दशकांत जोसेफ प्रीस्टले यानें असें दाखविलें कीं, जळत्या मेणबत्तीनें दूषित झालेली हवा पुदिन्याचें रोप पुन्हां शुद्ध करितें. प्राणी हवा बिघडवितात आणि वनस्पति ती सुधारतात, हें तत्त्व मिळाल्यावर तें पाण्यासहि लागू पडेल असें विचारी माणसांस वाटणें क्रमप्राप्तच होतें. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८४९ सालीं हा प्रयोग केला. मोठ्या कांचपात्रांत वाळू, चिखल, दगड आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पति घालून त्यांत त्यानें दोन लहान गोल्डफिश सोडले. कांहीं दिवसांनीं वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ व बुळबुळीत होऊं लागलें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकट भाग खाऊन टाकला आणि पाणी निवळलें. १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें त्यानें हा वृत्तान्त मांडला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय अशा तिघांचा तोल साधला म्हणजे पाणी न बदलतां मासे जगतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

प्रयोग खरा होता, पण स्पष्टीकरण अपुरें होतें. गोगलगायीनें कुजकट पान खाल्लें, तरी तिच्या आणि माशाच्या विष्ठेचें पुढें काय झालें? हा प्रश्न वॉरिंग्टनला सुचला नाहीं, कारण त्याच्या पात्रांत तो उपस्थितच झाला नाहीं. त्यानें पात्रांत वाळूबरोबर चिखल घातला होता. त्या चिखलांतून कोण आलें होतें, हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें.

यानंतर इंग्लंडांत या छंदाची लाट उसळली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचा या विषयावरील ग्रंथ निघाला आणि तो घरोघर वाचला जाऊं लागला. त्याच्याहि पूर्वीं, १८४६ च्या सुमारास, ॲना थिन या बाईनें समुद्रांतील प्रवाळ लंडनला आणून जिवंत ठेवलें होतें. त्यासाठीं तिची मोलकरीण समुद्राचें पाणी उघड्या खिडकीशीं उभी राहून एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत बसे. आजचा विजेचा पंप जें काम करितो, तें त्या काळीं एका गरीब बाईच्या दोन हातांनीं केलें, हें छंदाच्या इतिहासांत विसरलें जाऊं नये. पण पुस्तक वाचून पेट्या भरणाऱ्या हजारों कुटुंबांस वॉरिंग्टनचा धीर नव्हता आणि थिनबाईची मोलकरीणहि नव्हती. मासे आणि समुद्रपुष्पें मरत; त्यांच्या जागीं नवीन आणलीं जात. किनाऱ्यावरील खडकांतलीं डबकीं या मागणीनें इतकीं ओस पडलीं कीं, गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. मरणाचें कारण न शोधतां मेलेल्याची भरपाई करीत राहिलें म्हणजे काय होतें, याचा हा दाखला आहे.

या गर्दींत विल्यम आल्फर्ड लॉइड या मत्स्यालयांच्या रचनाकारानें अनुभवानें एक गोष्ट ओळखली. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जें मत्स्यालय उघडलें, त्यांत त्यानें माशांच्या टाक्यांखालीं त्यांहून कितीतरी मोठा अंधारा हौद बांधविला, आणि दोहोंतील पाणी पंपानें अखंड फिरतें ठेविलें. तेंच तें पाणी वर्षानुवर्षें वापरावें, असा त्याचा आग्रह असे. नवें पाणी निर्मळ आणि जुनें पाणी दूषित, अशी ज्यांची समजूत होती त्यांना हें विपरीत वाटलें असेल. परंतु लॉइडचे मासे जगत. कां जगत, याचें कारण त्यालाहि पुरतें सांगतां येत नव्हतें.

कारण सांपडलें तें १८७७ सालीं, फ्रान्समध्यें. तेओफील श्लोझिंग आणि आशिल म्युंट्झ हे दोघे गटाराचें पाणी शुद्ध कसें होतें याचा तपास करीत होते. त्यांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या उंच नळींतून तें पाणी अगदीं सावकाश झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं; वरून घातलेला अमोनिया जसाच्या तसा खालीं येई. त्यानंतर मात्र खालच्या पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें आणि हळूहळू अमोनिया नाहींसा झाला. ही नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून घडावयास हवी होती. त्या वीस दिवसांच्या विलंबाचा अर्थ काय? संशय पडून त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया तत्काळ थांबली. वाफ काढून घेऊनहि ती सुरू होईना. पण थोडी माती खळबळलेलें पाणी वरून घालतांच कांहीं दिवसांनीं ती पुन्हां चालू झाली. क्लोरोफॉर्मनें गुंगी येते किंवा मरण येतें, तें सजीवाला. अर्थात् अमोनियाचें नायट्रेट करणारा कोणी सजीव त्या वाळूंत राहत होता, आणि त्याची वस्ती वाढण्यास वीस दिवस लागले होते.

येथें या इतिहासांत एक विलक्षण योग आहे. हा शोध ज्यांनीं पुढें नेला त्यांत इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत काम करणारा एक रसायनज्ञ होता. त्यानें १८७८ पासून पुढें केलेल्या प्रयोगांनीं असें दाखविलें कीं, ही क्रिया दोन टप्प्यांनीं होते: प्रथम अमोनियाचें नायट्राइट, मग नायट्राइटचें नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जंतु निरनिराळे आहेत. त्याचें नांवहि रॉबर्ट वॉरिंग्टन. तो त्या पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा. बापानें गोल्डफिशांचें पात्र मांडलें तेव्हां हा अकरा वर्षांचा होता आणि त्याच अपोथेकरीज हॉलमध्यें वाढत होता. बापाच्या पात्रांतील चिखलानें जें काम मुकाट्यानें केलें, त्याच कामाचा तपास मुलानें शेताच्या मातींत केला. परंतु जंतु वेगळा काढण्याचें यश त्याला लाभलें नाहीं. तें १८९० सालीं सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें झुरिच येथें मिळविलें. गुरांच्या गोठ्याच्या जुन्या भिंतींवर जो सोरा फुलतो, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत शेणखताचें पराटीला घेतां येईल असें जें अन्न होतें, तें याच जंतूंचें कर्तृत्व आहे.

आतां या ज्ञानाच्या उजेडांत दिग्रसच्या त्या पेटीकडे पाहावें. मासा आपल्या शरीरांतील नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें बाहेर टाकतो. शिवाय न खाल्लेले दाणे तळाशीं कुजतात. तळ्यांत हा अमोनिया लगेच खाल्ला जातो. नव्या पेटींत खडे धुतलेले, कांच पुसलेली, पाणी ताजें. तेथें त्याला खाणारें कोणीच नसतें. तो सांचत जातो, आणि त्याला रंग नसल्यानें पाणी स्फटिकासारखें दिसत राहतें. त्याची बाधा पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते. पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यांत पी-एच ७ असतां एकूण अमोनियापैकीं अर्धा टक्का काय तो विषारी मुक्त रूपांत असतो. पी-एच ८ झाला कीं तें प्रमाण पांच टक्क्यांवर जातें, आणि ९ ला एक-तृतीयांशावर. आमच्याकडील विहिरींचें व बोअरचें पाणी काळ्या पाषाणांतून येतें. तें सामान्यतः जड आणि किंचित् क्षारधर्मी असतें. म्हणून तेवढाच अमोनिया पावसाच्या मऊ पाण्यापेक्षां येथें अधिक घातक होतो.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पहिले जंतु वाढतात आणि अमोनिया उतरूं लागतो. पण त्याचें नायट्राइट होतें, आणि तें खाणारे जंतु आणखी सावकाश येतात. नायट्राइट माशाच्या रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या द्रव्यास निकामी करितें. रक्त तपकिरी होतें, आणि पाण्यांत प्राणवायु भरपूर असूनहि मासा गुदमरतो. पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडणारा मासा भुकेला आहे असें समजून त्याला आणखी दाणे घालणें, हें तर आगींत तेल ओतण्यासारखें होय. चार ते सहा आठवड्यांनीं दोन्ही वस्त्या स्थिर होतात आणि मरण थांबतें. श्लोझिंगच्या नळीचे वीस दिवस आणि आमच्या पेटीचे हे आठवडे एकाच जातीचे आहेत. ‘संकटा’च्या नियमितपणाचें कारण हें होय.

या जंतूंच्या ओळखीचा इतिहासहि अलीकडेपर्यंत चालूच राहिला. नायट्राइट खाणारा जंतु नायट्रोबॅक्टर होय असें पाठ्यपुस्तकें फार दिवस शिकवीत. १९९८ सालीं असें दिसून आलें कीं, गोड्या पाण्याच्या मत्स्यपात्रांत हें काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नांवाचा निराळाच जंतु करितो. १९ व्या शतकापासून चालत आलेला दोन टप्प्यांसाठीं दोन जंतूंचा सिद्धांतहि सर्वत्र लागू नाहीं, हें २०१५ सालीं सिद्ध झालें. नायट्रोस्पायराच्या कांहीं जाती दोन्ही टप्पे एकट्याच पार पाडतात.

महाराष्ट्रानें या विषयांत कांहींच केलें नाहीं असें कोणी समजूं नये. कर्नल साइक्स यानें १८४० च्या आगेंमागें दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां कोळी व भोई लोकांच्या तोंडचीं नांवें त्यानें थेट शास्त्रीय नांवांत घातलीं. ‘खुद्री’, ‘पोटेल’ हे शब्द त्यामुळें जगभरच्या मत्स्यग्रंथांत जाऊन बसले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनीं १९४० सालीं मुंबई इलाख्यांतील एका चिमुकल्या, जवळजवळ पारदर्शक माशाचें नवें कुलच शास्त्रज्ञांपुढें ठेविलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं कांचेमागचा मासा प्रथम तेथें पाहिला. याच कुलकर्ण्यांनीं ओगले यांच्यासह लोणावळ्यास खुद्री महाशीर माशाची कृत्रिम पैदास केली, आणि १९७९ सालीं असें दाखवून दिलें कीं, त्या माशाचीं अंडीं दूरदेशीं पाठवावयाचीं असल्यास पाण्यांत घालून पाठविण्यापेक्षां ओल्या कापसांत गुंडाळून विमानानें पाठवावींत. बंद भांड्यांतील पाणी थोडक्या वेळांत प्राणवायु गमावतें आणि मळतें. ओला कापूस हवेला वाट देतो. मासा पाण्यावर जगतो हें अर्धेंच सत्य आहे. त्या पाण्यांत काय विरघळलें आहे यावर तो जगतो.

तेव्हां पेटींत मासा मेला तर घरच्यांनीं काय करावें? डॉक्टर जशी रोग्याची हकीकत विचारतो तशी ती विचारावी. मासा आणल्यापासून कांहीं तासांतच मेला असेल, तर पिशवींतील पाणी आणि पेटींतील पाणी यांच्या उष्णतेंत वा क्षारतेंत मोठा फरक असण्याचा संभव आहे. पाणी बदलल्यावर लगेच सर्वच मासे तडफडले, तर नळाच्या पाण्यांतील क्लोरीनचा किंवा विहिरींत नुकत्याच टाकलेल्या टीसीएल पावडरचा संशय घ्यावा. असें पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवावें, मग वापरावें. मरण पहाटे येत असेल, तर प्राणवायूची टंचाई शोधावी. वीस अंशांच्या पाण्यांत दर लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, पस्तीस अंशांना सातच. आणि वैशाखांत पारा चाळिसाच्या वर गेला असतां रात्रीं वीज जाऊन पंप थांबला, तर गर्दीच्या पेटीला तेवढी टंचाई पुरते. आणि मरण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत, एकामागून एक येत असेल, तर तें बहुधा नवेपणाचें मरण होय. अशा वेळीं दाणे दोन दिवस बंद करावे, मग चिमटीभर घालावे. चौथा हिस्सा पाणी बदलीत जावें. आणि ज्याच्याकडे वर्षभर चाललेली निरोगी पेटी आहे अशा स्नेह्याकडून ओंजळभर न धुतलेले खडे मागून आणावे. दुधाला विरजण लावतात तसें हें विरजण आहे. सर्वांत चांगलें म्हणजे प्रारंभीं दोनच मासे ठेवून महिनाभर थांबावें.

या उपायांत सर्वांत कठीण जातो तो न धुण्याचा उपाय. आमच्या मध्यमवर्गीय घरांत स्वच्छता हा सद्गुण आहे, आणि तो योग्यच आहे. मासा मेला कीं गृहिणी किंवा गृहस्थ सारी पेटी रिकामी करून, खडे नळाखालीं चोळून, गाळणीचा स्पंज पिळून कोरें पाणी भरतात. त्या एका दुपारीं तीन आठवड्यांची वस्ती वाहून जाते, आणि मरणाचें चक्र पुन्हां पहिल्या दिवसापासून सुरू होतें. हातांनीं केलेलें काम प्रेमाचें असतें. त्याचें फळ मात्र मृत्यु असतो. स्पंज धुवावयाचाच तर पेटींतून काढलेल्या पाण्यांत हलका खळबळावा, एवढें पथ्य पुरेसें आहे.

आणि रडणाऱ्या मुलाला काय सांगावें? माशानें संकट घेतलें असें सांगितलें तर तें शांत होईल, यांत शंका नाहीं. परंतु आठदहा वर्षांचें मूल वाळूच्या नळीची गोष्टहि समजूं शकतें. आपल्या पाण्यांत अजून कोणी राहायला आलेलें नाहीं, त्यांना यायला वेळ लागतो, म्हणून पुढचा मासा आपण उशिरानें आणूं, असें त्याला सांगावें आणि एक वही देऊन पाण्याची तारीख, उष्णता व माशांचें वागणें रोज लिहावयास लावावें. तें मूल महिनाभर रिकाम्या भासणाऱ्या पेटीकडे पाहत बसेल. त्या पेटींत त्या वेळीं काय चाललें आहे हें ज्याला ठाऊक आहे, त्याला ती रिकामी वाटणार नाहीं.